काल काय खाल्लंस

लातूरला, ट्यूशनच्या गल्लीत,
मुलांच्या वसतिगृहात दुसऱ्या मजल्यावर
वजनकाटा मांडून बसलेय सकाळपासून.
फरशी वाकडी, काटा डुगडुगतो.
एका कोपऱ्याखाली कुणीतरी
बायोलॉजीच्या नोट्सचं पान घडी घालून सरकवलं,
नेमकं पचनसंस्थेचं.

प्रश्न साधाच आहे माझा:
काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय खाल्लंस?
मुलं पंख्याकडं बघतात
सिलॅबसबाहेरचं विचारल्यासारखी.
क्रेब्ज सायकल तोंडपाठ,
कालचं जेवण आठवत नाही.

सकाळी काही नाही. क्लास साडेसहाला असतो.
मग?
मग वडापाव.
एक?
तीन. पण एक मित्राचा होता.
रात्री?
मेसमध्ये बटाटा होता म्हणून नाही गेलो.
आणि दोन वाजता?
(हे विचारायला मी आता शिकलेय)
दोन वाजता नूडल्स. किटलीत.

नागनाथ बिराजदार. सतरा पूर्ण. गाव निलंग्याकडं.
उंची एकशे अडुसष्ट, वजन ब्याण्णव.
कंबरेला टेप लावली
तसं त्यानं पोट आत ओढलं.
श्वास सोड रे.
सोडलाय, मॅडम.
नव्हता सोडला.
दोन वर्षं असाच धरून बसला असेल,
निकाल लागेपर्यंत.
टेपची दोन टोकं भेटतात
तेव्हा आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघतो.
समोरच्या फलकावर मागच्या वर्षीची पहिली आलेली मुलगी,
हार घातलेली,
गालफाडं वर आलेली.

दाराच्या खिळ्याला पिशवी लटकत होती,
तिच्यावर निळ्या पेनानं त्याचं नाव.
ही काय?
डब्याची. आई पाठवते. बाराच्या एसटीनं येतो.
मग काल डबा सांगितला नाहीस तो?
तो गप्प.
मग म्हणाला, दोनला सुटतो आम्ही. भाकरी वाळती.
पोरं म्हणतेत लसणाचा वास येतो खोलीत.
कोण खातं मग?
त्यानं मान जिन्याकडं वळवली.

खाली ग्यानबा वॉचमन स्टुलावर बसलेले,
मांडीवर डबा उघडा.
ज्वारीची भाकरी, घोळीची भाजी, शेंगदाण्याची चटणी,
अख्खा कांदा, बुक्कीनं फोडायला.
वय विचारलं तर म्हणाले, साठ असंल. धरा साठ.
माझ्या फॉर्मात अठराच्या पुढं सगळे प्रौढच,
मीही त्यातच. म्हणून घेतलं मोजून.
कंबर एकोणऐंशी. शर्टाच्या आत अजून जागा.

काल काय खाल्लं, मामा?

काल भाकरीला तीळ होते.
परवा भाजीत मीठ दोनदा पडलं हुतं,
ध्यान नव्हतं माउलीचं. कुणी आजारी असंल घरात.
सोमवारी नुस्ती चटणी,
गाडी लवकर आली असंल, न्हाईतर पाणी आलं असंल नळाला.
वेळ अमावस्येला भज्जी धाडली, आंबील धाडली,
वर चिठ्ठी हुती.
वाचाया येतं मला, पर वाचली न्हाई. वर दिली.
पोराला म्हणावं, फोन कर घरी.
मी कसं सांगावं?

फॉर्मच्या तळाला 'शेरा' म्हणून एक ओळ असते.
एवढ्या वर्षांत ती मी कोरीच ठेवलेली.
पेन टेकवलं, लिहिलं: तीळ.
पुढं काय लिहावं सुचेना.

ग्यानबा उठले, डबा राखेनं घासला,
उन्हात पालथा घातला,
फडक्यानं आतून पुसून कोरडा केला.
चारच्या गाडीत परत जातो हा.
तिकडं रोज रिकामा पोचतो.

दोनच भाकरी असायच्या, ते म्हणाले,
दिवाळीपासून तीन येतेत.
आणि हात वर करून माझ्यापुढं उभे राहिले:
बघा बरं पुन्हा टेप लावून,
माझीबी वाढलीच असंल.